ब्लँकेटं वाटून झाली असतील, तर शेजारची बेल वाजवा

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. नाताळ आठवड्यावर आला होता. आमच्या चर्चच्या युवक मंडळाने एका आदिवासी पाड्यावर ब्लँकेटं वाटायचं ठरवलं होतं. वर्गणी जमली, बॅनर छापून आला, टेम्पो ठरला. सकाळी सातला मी ब्लँकेटांचं गाठोडं खांद्यावर टाकून जिना उतरत होतो. दुसऱ्या मजल्यावर काकूंच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी लटकत होती. काकू एकट्या राहतात, पाचला उठतात आणि सहाच्या आत त्यांचं दूध गॅसवर असतं. पिशवी अजून बाहेर कशी, असं माझ्या मनात आलं. आलं, आणि मी पुढच्या पायरीवर पाय ठेवला. खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता.

संध्याकाळी परतलो तेव्हा कळलं. काकू पहाटे बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता. साडेदहाच्या सुमारास कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी बेल वाजवली. दार उघडेना. त्यांनीही तीच पिशवी पाहिली, दाराला कान लावला, आणि त्यांना कण्हणं ऐकू आलं. वॉचमनला बोलावून त्यांनी कुलूप तोडायला लावलं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत काकूंचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. त्या दिवशी पुढच्या इमारतींचा कचरा दुपारी उचलला गेला, म्हणून त्यांना बोलणीही खावी लागली. त्या कित्येक वर्षं आमचा कचरा नेतायत. त्यांचं नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्या साडेतीन तासांत मी पाड्यावर ब्लँकेट देताना फोटो काढून घेत होतो. फोटो चांगले आले होते. स्टेटसला बदामही भरपूर आले.

काकू आता वॉकर घेऊन चालतात. मला कुणी काही बोललं नाही, कारण मी पिशवी पाहिली होती हे कुणालाच माहीत नाही. आता तुम्हाला माहीत आहे. हे इथे लिहितोय, कारण मला वाटतं की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या वाटेवर अशी एखादी पिशवी लटकलेली असते. माझं म्हणणं सरळ आहे. ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेची परीक्षा त्याच्या दारापासून पन्नास पावलांच्या आत होते. आणि आपण तो पेपर टाळण्यासाठी दूरच्या केंद्रावर जाऊन बसतो.

गोष्ट पाठ आहे, म्हणूनच ऐकू येत नाही

लूकच्या शुभवर्तमानातली दयाळू शोमरोन्याची गोष्ट कॅटेकिझमला गेलेल्या प्रत्येक पोराला पाठ असते. पाठ असल्यामुळेच ती बोथट झाली आहे. म्हणून ती पुन्हा एकदा नीट पाहू.

यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता साधारण पंचवीस किलोमीटरचा, आणि तेवढ्यात तो हजारेक मीटर खाली उतरतो. ओसाड, वळणावळणाचा, लुटारूंना सोयीचा. तिथे एक माणूस अर्धमेला पडलाय. एक याजक येतो, बघतो, बाजूने निघून जातो. एक लेवी येतो, तोही तसंच करतो. मग शोमरोनी येतो. शोमरोनी म्हणजे ज्यांच्या हातचं पाणीही त्या काळच्या यहुद्यांना नको वाटायचं, त्यातला. तो थांबतो.

पहिली गोष्ट. याजक आणि लेवी या गोष्टीत खलनायक नाहीत. ती देवळाच्या कामातली माणसं होती. वाईट माणूस निघून गेला असता तर गोष्टीत काही दमच नव्हता. निघून गेले ते धार्मिक लोक. त्या सकाळी जिन्यात ब्लँकेटांचं गाठोडं घेऊन जाणारा मीही धार्मिक कामालाच निघालो होतो.

दुसरी गोष्ट. शोमरोन्याने काय काय केलं ते मोजा. जखमांवर तेल आणि द्राक्षारस घातला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. सकाळी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि आणखी खर्च झाला तर परत येईन तेव्हा फेडीन म्हणाला. दिनार म्हणजे तेव्हाची मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे एक रात्र, दोन दिवसांची मजुरी आणि परत येण्याचा शब्द. त्याने संस्था काढली नाही. आयुष्य वाहून टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आपल्या कामाला निघून गेला. ‘एवढं मोठं काम आपल्याच्याने कुठलं होणार’ ही आपली आवडती सबब इथे चालतच नाही. त्या गोष्टीत मागितलेलं सगळं आपल्याच्याने होण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट. जखमी माणूस पुढे शोमरोन्यांच्या डोंगरावर भक्तीला जाऊ लागला का? गोष्टीत त्याबद्दल एक अक्षर नाही. शोमरोन्याने त्याला विचारलंही नाही.

आणि शेवटची. ही गोष्ट निघाली ती एका शास्त्र्याच्या प्रश्नावरून. त्याला हवी होती यादी: माझा शेजारी नेमका कोण? म्हणजे कुणावर प्रेम करायचं आणि कुणाला गाळलं तरी चालेल. येशूने यादी दिली नाही. उलट विचारलं, या तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी कोण झाला? शेजारी ही समोरच्याची पात्रता नसते. ते आपण व्हायचं असतं.

मराठीत यासाठी किती नेमका शब्द आहे बघा: शेजारधर्म. आपल्या भाषेने धर्म हा शब्द देवळाला, मशिदीला, चर्चला जोडला तसाच शेजारालाही जोडून ठेवलाय. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक उपासनेची मराठी घडवण्यात दोनशे वर्षं रमलो. हा आयता मिळालेला शब्द मात्र जिन्यातच राहिला.

वारशाच्या व्याजावर

हे बोललं की आमच्याकडे एक उत्तर तयार असतं. ‘ख्रिस्ती लोकांनी काय केलं? अहो, शाळा कुणी काढल्या? दवाखाने कुणी काढले?’ मग पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव निघतं, डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेला उभारलेल्या दवाखान्याचं निघतं. सगळं खरं आहे. रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य भारतात जाऊन उपासमारीत सापडलेल्या मुलींना आणलं, त्याला तोड नाही.

पण ते रमाबाईंनी केलं. मी काय केलं? आजोबांनी बांधलेल्या घराचं भाडं खायचं आणि स्वतःला कष्टाळू म्हणवून घ्यायचं, असा हा प्रकार आहे. संस्थांचा मोठा गुण हा की त्या टिकतात. आणि मोठा धोका हा की त्या आपल्या वतीने चांगल्या वागत राहतात. दानपेटीत शंभराची नोट टाकली की गरिबांचं काम आता कमिटी बघेल. आजाऱ्यांना सिस्टर भेटतील. माझ्याकडे उरतं ते रविवारची मिस्सा, नोव्हेना आणि वेलंकणीच्या ट्रिपचं बुकिंग.

हाच टोमणा जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका विद्यार्थ्याला बसला होता. फ्रेडरिक ओझानाम कायद्याचा अभ्यास करत होता. कॉलेजातल्या वादसभेत तो चर्चची बाजू हिरिरीने मांडायचा: शतकानुशतकं चर्चने काय काय केलं याचे दाखले द्यायचा. समोरचे समाजवादी विचारांचे विद्यार्थी म्हणाले, ते झालं जुनं. आज तुम्ही काय करताय? वर्षभरापूर्वीच, 1832 मध्ये, कॉलऱ्याने पॅरिसमध्ये हजारो माणसं नेली होती. प्रश्न हवेतला नव्हता.

ओझानाम वाद हरला असं म्हणायला हरकत नाही. पण त्याने पुढचं भाषण तयार केलं नाही. एप्रिल 1833 मध्ये तो आणि त्याचे मूठभर मित्र एकत्र आले. तो तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. त्यांना काम कसं करायचं हेच माहीत नव्हतं, म्हणून ते सिस्टर रोझाली रँदू यांच्याकडे गेले. त्या मूफ्तारच्या गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम करत होत्या. सिस्टरनी त्यांना घरांचे पत्ते दिले. पोरं त्या घरांचे जिने चढू लागली, जळणाची लाकडं आणि पावाची कुपनं घेऊन. त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी झाली. ती आज दीडशेच्या आसपास देशांत आहे आणि आपल्याकडच्या कित्येक धर्मग्रामांतही आहे. तिचा मूळ नियम आजही साधाच आहे: माणसाला घरी जाऊन भेटा. त्याला ऑफिसात रांगेत उभं करू नका.

तुमच्या धर्मग्रामात ही सोसायटी असेल तर एकदा बघा, तिच्या सभांना सरासरी वय किती असतं. बहुतेक ठिकाणी निवृत्त काका आणि मावश्याच दिसतात. वीस वर्षांच्या पोरांनी सुरू केलेलं काम आपण सत्तरीच्या लोकांवर टाकून मोकळे झालोय.

‘मदतीमागे हेतू काय?’

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप, जो आपल्या देशात हल्ली फार मोठ्याने ऐकू येतो. ख्रिस्ती माणूस मदत करतो म्हणजे त्याला धर्मांतर करायचं असणार. हा संशय कायद्यातही जुनाच आहे. ओडिशाने 1967 मध्ये आणि मध्य प्रदेशाने 1968 मध्ये धर्मांतरावर बंधनं घालणारे कायदे केले. मध्य प्रदेशाच्या त्या कायद्यात प्रलोभनाची व्याख्या भेटवस्तू किंवा कुठलाही भौतिक लाभ अशी होती. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे वैध ठरवले. त्यानंतर आणखी कितीतरी राज्यांनी आणखी कडक कायदे केले.

या वातावरणाचा परिणाम मी आजूबाजूला बघतो. ‘कशाला उगाच? उद्या कुणी व्हिडिओ काढायचा.’ आजारी शेजाऱ्याला डबा द्यायलाही माणसं दोनदा विचार करतात. ही भीती खरी आहे, तिची टर उडवायची नाही. पण तिच्यासमोर हातही टेकायचे नाहीत.

आधी आपल्या लोकांशी बोलतो. तांदळाच्या पिशवीत पत्रक टाकणाऱ्यांनो, कृपा करून थांबा. भुकेल्या माणसासमोर एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात निमंत्रण धरलं, तर त्याला ती भाकरी मोकळ्या मनाने घेताही येत नाही आणि ते निमंत्रण मोकळ्या मनाने नाकारताही येत नाही. तुमचा हेतू कितीही चांगला असो, त्याचा स्वाभिमान तुम्ही गहाण ठेवायला लावता. मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे, तुम्हीही वापरून बघा: हा माणूस मरेपर्यंत कधीच माझ्या चर्चची पायरी चढणार नाही असं मला आज लेखी मिळालं, तरी मी हे काम करीन का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते काम शेजारधर्माचं नाही. ती जाहिरात आहे.

आता संशय घेणाऱ्यांशी. तुमच्यासाठी एक जुना आदर्श आहे: रोमन सम्राट ज्युलियन. त्याला ख्रिस्ती लोक अजिबात आवडायचे नाहीत. त्याला जुन्या देवांची पूजा पुन्हा उभी करायची होती. 362 मध्ये त्याने गलातियातल्या आपल्या मुख्य पुरोहिताला पत्र लिहिलं. त्यात तक्रार केली की हे ख्रिस्ती लोक त्यांच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपण मात्र काहीच करत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. मग त्याने हुकूम सोडला: गावोगावी वाटसरूंसाठी धर्मशाळा काढा. त्यासाठी धान्यही लावून दिलं. ज्युलियनने ख्रिस्ती लोकांना इतर बाबतीत बराच जाच केला, पण या एका बाबतीत त्याला बरोबर कळलं होतं. शेजाऱ्याचा चांगुलपणा खुपत असेल तर त्याहून चांगलं शेजारी व्हा. या स्पर्धेत कुणीही जिंकलं तरी आमची हरकत नाही. काकूंच्या दारापाशी ती जिंकलीच आहे. कचरा नेणाऱ्या ताई चर्चला जात नाहीत.

‘याने व्यवस्था बदलते का?’

तिसरा आक्षेप माझ्या मित्रांचा. ते वाचणारे, मोर्च्याला जाणारे, हुशार लोक आहेत. ते म्हणतात, डबे पोचवून काय होणार? एकट्या म्हाताऱ्या माणसांची सोय सरकारने करायला हवी. तुमची दया म्हणजे व्यवस्थेच्या जखमेवर लावलेली पट्टी.

बरोबर आहे, व्यवस्था बदलायला हवी. पण साडेदहा वाजता बाथरूमच्या फरशीवर पडलेल्या बाईला पट्टीच लागते. शिवाय हे दोन वेगळे रस्ते आहेत हीच समजूत चुकीची आहे. जिने चढणारा तोच ओझानाम पुढे 1848 च्या क्रांतीच्या दिवसांत मित्रांबरोबर वर्तमानपत्र काढतो, कामगारांच्या बाजूने लिहितो, निवडणुकीला उभा राहतो आणि पडतो. पुढे 1933 मध्ये न्यूयॉर्कमध्ये डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी ‘कॅथलिक वर्कर’ हे पत्र सुरू केलं. किंमत एक सेंट. मंदीचा काळ होता. पत्रातून त्या कामगारांच्या हक्कांवर लिहायच्या, आणि त्याच चळवळीच्या घरात बेकारांना सूप आणि झोपायला जागा मिळायची. डोरोथी डे निदर्शनांसाठी तुरुंगातही गेल्या. त्यांनी पट्टी आणि मोर्चा यातलं एक निवडलं नाही.

माझा अनुभव तर असा, की व्यवस्था कुठे सडली आहे हे जिना चढल्यावरच कळतं. एका आजोबांच्या बंद पडलेल्या पेन्शनसाठी तीन ऑफिसं फिरलात, की चार परिसंवाद ऐकून कळत नाही ते कळतं.

आणि व्यवस्था म्हणजे फक्त मंत्रालय नव्हे. सोसायटीची मीटिंग हीसुद्धा व्यवस्थाच आहे. आमच्याच भागातल्या एका सोसायटीत एका मुस्लिम कुटुंबाला फ्लॅट भाड्याने द्यायचा विषय निघाला. ‘आपल्याकडे नको’ असं ठरायला दहा मिनिटं लागली. त्या खोलीत पाच ख्रिस्ती घरांची माणसं होती. त्यांच्यापैकी एकाचंही तोंड उघडलं नाही. त्यातल्या एकाने नंतर मला सांगितलं, ‘आपण आधीच अल्पसंख्याक, कशाला वाईटपणा घ्यायचा?’ त्याच रविवारी ते सगळे चर्चमध्ये होते. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं चित्र आहे. तिथे विचारल्या जाणाऱ्या गोष्टींत भुकेला, तहानलेला, उघडा, आजारी, तुरुंगातला यांच्याबरोबर परकाही आहे. त्याला घरात घेतलंत का, असा तो सवाल आहे. मीटिंगमध्ये गप्प बसून त्याचं उत्तर देऊन झालेलं असतं.

फोन हातात आहे तोवर

‘वेळ कुठाय?’ असं म्हणाल. विरार लोकलने जाऊन-येऊन करणाऱ्याला मीही वेळेचं प्रवचन देणार नाही. म्हणून फक्त छोट्या गोष्टी सांगतो. यातल्या एकीचाही फोटो काढण्यासारखा नाही, हाच त्यांचा गुण.

नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो फोनवर चेहरा दाखवूनही काढता येतो, पण सत्तरीतल्या माणसाला ते अ‍ॅप उघडता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्या मजल्यावर विचारून बघा.

बँकेतून बोलतोय असं सांगून ओटीपी मागणाऱ्यांना सगळ्यात जास्त सापडतात ती एकटी राहणारी माणसं. त्यांच्याशेजारी अर्धा तास बसा आणि ‘असा फोन आला तर आधी मला हाक मारा’ एवढं सांगून या.

सरकारी दवाखान्यात पेशंटबरोबर रात्री थांबायला माणूस लागतो. घरचे तीन रात्री थांबून मोडून गेलेले असतात. एक रात्र तुम्ही थांबा. काही करायचं नसतं. सलाईन संपत आली की नर्सला हाक मारायची.

भिंतीपलीकडून मारहाणीचा आवाज आला तर बेल वाजवा. 2008 मध्ये ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम आपल्या देशात नेमकी यासाठीच झाली होती. काहीही विचारा: साखर आहे का, वायफाय चालू आहे का. मारणाऱ्याला एवढं कळलं पाहिजे की भिंतीला कान आहेत. आणि नंतर त्या बाईला एकटीला गाठून विचारा, तिला काय हवंय.

आणि जी माणसं रोज तुमच्या दारात येतात, त्यांची नावं माहीत करून घ्या. कचरा नेणारी, दूध टाकणारा, वॉचमन. मी हे फार उशिरा शिकलो.

या सगळ्यात एक अट आहे, शोमरोन्याच्या गोष्टीतली: परत जायचं. एकदा जाणं म्हणजे भेट. आठवड्याने पुन्हा गेलात की शेजार सुरू होतो. ब्लँकेटवाल्या पाड्यावर आम्ही परत कधी गेलो, असं विचाराल तर आजवर नाही. पुढच्या डिसेंबरात जाऊ म्हणतो. तोवर तिथे कुणाला ताप आला, कुणाची विहीर आटली, आम्हाला कळणारही नाही. मी त्या कार्यक्रमाला नावं ठेवत नाही, थंडीत ब्लँकेट लागतंच. पण वर्षातून एकदा दूर जाऊन केलेलं दान हे रोज जवळ न केलेल्या कामाची पावती म्हणून दाखवू नका. देवालाही नको आणि स्टेटसवरही नको.

तुम्ही ख्रिस्ती नसाल आणि इथवर वाचलं असेल, तर यातलं काहीही करायला बाप्तिस्मा लागत नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ख्रिस्ती असाल तर मात्र तुम्हाला सूट नाही. आपण दर रविवारी सगळ्यांसमोर जे कबूल करतो, त्याची वसुली सोमवारी जिन्यात होते.

काकूंच्या घराची एक चावी आता आमच्याकडे असते. सकाळी कॉलेजला निघताना मी त्यांच्या दाराशी थांबतो. कडीला पिशवी नसली तर खाली उतरतो. असली तर बेल वाजवतो. बहुतेक वेळा त्या आतून ओरडतात, ‘अरे, आले आले, गुडघे आहेत ना मला!’ मग दार उघडतं, मी पिशवी त्यांच्या हातात देतो आणि माझी गाडी चुकते.